दऱ्या आणि दर्या: शब्दसूची गिटवर नेताना तिचा इतिहास मागे सोडू नका

आपल्या मराठी शब्दसूची (संगणकावरच्या शुद्धलेखन-तपासनीसाची शब्दांची यादी) प्रकल्पाच्या मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणाऱ्या, मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

शब्दसूचीबद्दलचा तुमचा निर्णय गेल्या पंधरवड्यात कळला. त्यातला अर्धा वाचून मनापासून आनंद झाला, उरलेला अर्धा वाचून रात्री झोप लागली नाही. सबव्हर्जन सोडून गिटवर जायचं ठरलं, ते उत्तम झालं. (फाइलींतला प्रत्येक बदल कुणी, कधी आणि का केला याची नोंद ठेवणाऱ्या या दोन प्रणाली.) हे आधीच व्हायला हवं होतं. पण त्याच निरोपाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की जुना इतिहास बरोबर घ्यायचा नाही. आज जी फाइल आहे तेवढी नव्या रेपोत (फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवायच्या कोठारात) ठेवायची, तेच पहिलं कमिट, म्हणजे नोंदवलेला पहिला बदल, आणि तिथून पुढची मोजदाद. तुम्ही याला ‘स्वच्छ सुरुवात’ म्हटलंय. ती एवढी एक ओळ मागे घ्या, हे मागण्यासाठी मी लिहिते आहे.

हे पत्र तुमच्यापुरतं न ठेवता सगळ्यांसमोर ठेवते, कारण या उंबरठ्यावर आपण एकटे नाही. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर, कळफलक, टंक, भाषांतरांच्या फाइली असं कितीतरी मराठी काम अजून जुन्या सर्व्हरवर, नाहीतर कुणाच्या तरी घरच्या हार्डडिस्कवर पडून आहे. ती मंडळीही आज ना उद्या गिटवर येतील आणि त्यांनाही कुणीतरी हाच सोपा रस्ता सुचवेल.

आधी स्थलांतराच्या बाजूचं बोलते, म्हणजे माझा विरोध कशाला आहे ते स्पष्ट होईल. सबव्हर्जननं आपल्याला पुष्कळ दिलं. २००४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, तेव्हा आपल्यासारख्यांना ती मोठीच सोय होती. पण त्यात सगळा इतिहास एकाच सर्व्हरवर राहतो. आपल्या संगणकावर येते ती फक्त ताजी प्रत. सर्व्हर बंद तर कमिट बंद, आणि सर्व्हर गेला तर सगळंच गेलं. गिटमध्ये ज्यानं क्लोन, म्हणजे रेपोची पूर्ण प्रत, घेतला त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा अख्खा इतिहास येतो. शिवाय आज कॉलेजातून येणारी मुलं गिट शिकूनच येतात. पॅच, म्हणजे केलेल्या बदलांची फाइल, बनवून मेलनं पाठवा असं सांगितलं की ती पुन्हा फिरकत नाहीत. तेव्हा जायचं, याबद्दल दुमत नाही. पण ज्या गिटची मोठी ताकद इतिहास घरोघरी पोचवण्यात आहे, त्याच गिटवर जाताना इतिहास टाकून जायचं, हे मला पटत नाही.

सातबारा सगळ्यांनी पाहिलेला असतो. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते त्यावर कळतं. पण नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो आणि खरी गोष्ट त्या फेरफारात असते: वारसानं आली, खरेदीनं आली, वाटणी झाली की कोर्टाच्या हुकमानं नाव चढलं. वाद उभा राहिला की तलाठ्याकडे लोक फेरफार काढायलाच जातात. आपली आजची शब्दसूची हा सातबारा आहे आणि सबव्हर्जनमधल्या रिव्हिजन (तिथली क्रमांक लावलेली कमिटं) हे फेरफार आहेत. कोणता शब्द कधी आला, कुणी आणला, कोणतं रूप कुणी काढलं आणि का काढलं, हे फाइलीत लिहिलेलं नसतं, ते कमिटच्या संदेशात असतं. फाइलीतल्या कुठल्याही ओळीवर ‘ब्लेम’ ही आज्ञा चालवली की त्या ओळीचा फेरफार समोर येतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. अंगावर शेकलेलं आहे म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी मी अशाच दुसऱ्या एका शब्दसूचीवर काम करत होते. प्रकल्पाचं नाव सांगत नाही, कारण चूक करणारी मी होते आणि बाकीची माणसं भली होती. तोही प्रकल्प सबव्हर्जनवरून गिटवर आला होता आणि येताना ‘स्वच्छ सुरुवात’ करूनच आला होता. पहिल्या कमिटमध्ये हजारो शब्द, संदेश एका ओळीचा. एका संध्याकाळी यादी चाळताना मला एक विचित्र प्रकार दिसला. ‘दऱ्या’ हा शब्द दोनदा होता. ‘बिऱ्हाड’ दोनदा, ‘सुऱ्या’ दोनदा, ‘तऱ्हा’ दोनदा, ‘दुसऱ्या’ दोनदा. पडद्यावर दोन्ही ओळी अगदी सारख्या, काना-मात्रेचाही फरक नाही. फाइलीतले बाइट उघडून पाहिले तेव्हा उलगडलं. एका ओळीत ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर होतं, क्रमांक ०९३१. दुसऱ्या ओळीत साधा ‘र’, त्याला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह होतं, क्रमांक २००डी, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. दोन्हींतून डोळ्यांना एकच अर्धा ‘र’ दिसतो, शब्दाच्या डोक्यावर न जाता शेजारी आडवा बसणारा.

मी मुद्रितशोधनातून या कामात आलेली. एकच शब्द दोनदा दिसला की हात शिवशिवतात. ब्लेम लावून पाहिला, तर सगळ्या ओळींना एकच उत्तर आलं: पहिलं कमिट. कुणाला विचारावं तर जुनी माणसं पांगलेली. मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. न दिसणारी चिन्हं काढून टाका, यादी अकारविल्हे लावा, पुन्हा आलेल्या ओळी गाळा. पाच मिनिटांत फाइल कशी चापूनचोपून बसली, आणि मी समाधानानं कमिट केलं.

जोडचिन्ह काढलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ‘र’, हलन्त, ‘य’ एवढंच उरतं आणि अर्धा ‘र’ रफार होऊन डोक्यावर चढतो. डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याच्या जागी शिकवणारा आचार्य आला. हे दोन्ही शब्द मराठीत आहेतच, त्यामुळे यादीत काही चुकलंय असं कुणाला दिसलंसुद्धा नाही. ‘बिर्हाड’ असलं रूप तर मराठीत कुणी लिहीत नाही, तेही यादीत बरोबर म्हणून जाऊन बसलं. आवृत्ती निघाली. मग एकेक तक्रार येऊ लागली. काहींच्या कळफलकातून ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून उमटायचा, त्यांचं ठीक चाललं होतं. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकात त्याला वेगळी कळच आहे. पण ज्यांचे कळफलक जोडचिन्ह वापरून तो अर्धा ‘र’ काढत, त्यांच्या लेखनात पानंच्या पानं लाल रेघांनी भरली. एका बाईंनी आपल्या हस्तलिखिताचं पान पाठवलं होतं. सह्याद्रीवरचं प्रवासवर्णन होतं, आणि तपासनीस प्रत्येक दरीला समुद्र करायला सांगत होता.

खूप पुढे एका जुन्या सहकाऱ्याच्या बंद पडलेल्या संगणकाच्या डिस्कवर त्या सबव्हर्जन रेपोचा डंप, म्हणजे पूर्ण इतिहासाची प्रत, सापडला. त्यात एक रिव्हिजन होती. कुणीतरी बसून, एकेक शब्द पाहून, ही दुसरी रूपं मुद्दाम घातली होती आणि संदेशात कारणही नीट लिहिलं होतं: लोक दोन्ही तऱ्हांनी टाइप करतात, आपला तपासनीस दोन्हींना चालला पाहिजे, ही पुनरुक्ती समजून काढू नये. काढू नये, असं त्या माणसानं लिहून ठेवलं होतं. ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं असतं तर मी त्या ओळींना हात लावला नसता. त्या माणसाचं काम मी मोडलं आणि त्याची समजूतही मला पोचू शकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या सूचीत अशा जागा किती असतील याचा विचार करा. अनुस्वाराचे नियम, जोडशब्द, सामान्यरूपं, विभक्तीचे प्रत्यय लावणारी नियमांची फाइल. त्या फाइलीतल्या ओळी तर मंत्रासारख्या असतात. मागचं कारण ठाऊक नसेल तर त्या चूक वाटतात, आणि कारण कळलं तर हात जोडावेसे वाटतात.

‘मोठमोठ्या प्रकल्पांनीही इतिहास सोडला होता’ असं तुमच्यापैकी एकांनी मला कळवलं. हो, सोडला होता. पण पुढे काय झालं, तेही पाहू.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचं, उदाहरण नेहमी दिलं जातं. २००२ पासून कर्नलचं काम बिटकीपर नावाच्या खासगी प्रणालीवर चालायचं. एप्रिल २००५ मध्ये तिचा फुकट वापर बंद झाला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला घेतलं आणि दोन आठवड्यांच्या आत २.६.१२-आरसी२ ही आवृत्ती गिटमधलं पहिलं कमिट म्हणून ठेवली, मागचा इतिहास न घेता. पण त्या पहिल्या कमिटचा संदेश वाचा. जुना इतिहास गिटमध्ये घातला तर सुमारे ३.२ जीबी होतो, आज तेवढं पेलण्याची व्यवस्था नाही, हवं तर नंतर पूर्ण इतिहास बनवता येईल, असं त्यात लिहिलंय. म्हणजे गिटचं वय पंधरा दिवस होतं आणि अडचण खरी होती. शिवाय माहिती टाकून दिली नव्हती. नंतर लोकांनी जुना इतिहास वेगळ्या रेपोत आणला, आणि ज्याला हवा तो दोन्ही जोडून पाहू शकतो. आपल्यापुढे यातली एकही अडचण नाही. आपली सूची मजकुराची आहे, आणि हत्यारं वीस वर्षं घासूनपुसून तयार झालेली आहेत.

दुसरं उदाहरण फायरफॉक्सचं, आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. ते बनवणाऱ्या मोझिलानं मार्च २००७ मध्ये सीव्हीएस या जुन्या नोंद-प्रणालीतला कोड मर्क्युरिअल या नव्या प्रणालीत आणला तेव्हा जुना इतिहास मागे ठेवला. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं ब्राउझरच्या जुन्या भागातल्या कोणत्याही ओळीचा माग काढायला गेलं की वाट २२ मार्च २००७ च्या त्या एकाच आयात-कमिटपाशी येऊन थांबायची. त्यापलीकडचं पाहायचं तर जुन्या सीव्हीएसचा दरवाजा वेगळा ठोठवायचा. शेवटी गेको-डेव्ह नावाच्या गिट प्रतीत १९९८ पासूनचा सीव्हीएसचा इतिहास मागाहून जोडला गेला. ज्यांच्याकडे पगारी माणसं होती, त्यांनाही टाकलेलं परत उचलावं लागलं. आपण टाकलं तर उचलायला कोण येणार आहे?

आणि ज्यांनी सोडला नाही त्यांच्याकडेही पाहू. जीसीसी हा कंपाइलर (प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) १९८७ पासूनचा. तो आधी सीव्हीएसमध्ये, मग २००५ पासून सबव्हर्जनमध्ये आणि जानेवारी २०२० मध्ये गिटवर आला. कमिट अडीच लाखांहून जास्त. हे काम करायला एरिक रेमंड यांचं रिपोसर्जन हे हत्यार वापरलं गेलं. ते आधी पायथनमध्ये होतं, पण एवढ्या मोठ्या इतिहासापुढे ते धापा टाकू लागलं, तेव्हा ते सगळंच गो भाषेत नव्यानं लिहिलं गेलं. स्थलांतराला उशीर झाला, वाद झाले, पण इतिहास आला. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपाइलर-प्रकल्पानं २०१९ मध्ये गिटवर येताना जुन्या प्रत्येक कमिटच्या संदेशाखाली त्याचा सबव्हर्जनमधला क्रमांक लिहून ठेवला. आपल्याकडे जुन्या तक्रारींत ‘अमुक रिव्हिजनमध्ये दुरुस्त केलं’ असं शेकडो ठिकाणी आहे. ते क्रमांक असेच संदेशात राहिले तर जुन्या चर्चा मुक्या होणार नाहीत. सबव्हर्जनचा इतिहास गिटवर आणणारं गिट-एसव्हीएन हे हत्यार वापरलं तर ही ओळ ते आपण होऊनच घालतं. दिसायला बरी नाही म्हणून ती काढून टाकण्याचा पर्याय असतो, तेवढा वापरू नका.

आता नावांबद्दल बोलायला हवं. माझ्या मनात सगळ्यात वर हीच गोष्ट आहे.

सबव्हर्जनमध्ये प्रत्येक रिव्हिजनला नावाचा एकच रकाना असतो, कमिट करणाऱ्याचा. आपल्याकडे सुरुवातीला कमिटचा अधिकार दोघा-तिघांनाच होता. बाकीचे आम्ही शब्द मेलनं पाठवायचो. मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभरात गॅलीवर जे शब्द अडखळायला लावत, ते पाठकोऱ्या कागदावर टिपून ठेवायचे आणि शनिवारी कॅफेत जाऊन टाइप करून पाठवायचे. ज्यांनी ते कमिट केले त्यांचा मोठेपणा असा, की प्रत्येक संदेशाच्या शेवटी शब्द कुणी पाठवले ते त्यांनी न चुकता लिहिलं. माझ्यासारख्या कितीतरी जणी आणि कितीजण त्या शेवटच्या ओळींत आहेत: शाळामास्तर, बँकेतले लोक, एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन-तीन कॉलेजची मुलं. आमचं या प्रकल्पातलं अस्तित्व तेवढंच आहे. इतिहास सोडलात तर ते पुसलं जाईल. आपल्यासारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात कुणाला पैसा मिळत नाही. नाव राहतं, एवढंच मिळतं.

गिटमध्ये दोन रकाने असतात, लिहिणाऱ्याचा वेगळा आणि कमिट करणाऱ्याचा वेगळा. म्हणजे या स्थलांतरात जुना इतिहास नुसता वाचवता येईल असं नाही, तो आधीपेक्षा खरा करता येईल. संदेशातली ‘शब्द पाठवले: अमुक’ ही ओळ वाचून ते नाव लिहिणाऱ्याच्या रकान्यात बसवणं स्क्रिप्टनं होतं. जीसीसीच्या स्थलांतरात चेंजलॉगच्या, म्हणजे बदलांची टिपणं ठेवणाऱ्या, फाइलींमधून अशीच खऱ्या लेखकांची नावं काढून कमिटला लावली गेली.

मात्र हे जाण्याआधीच करावं लागेल, आणि याचं कारण नीट समजून घ्या. गिटमधल्या कमिटची ओळख म्हणजे त्याचा चाळीस अक्षरी हॅश. तो मजकूर, तारीख, संदेश, लेखकाचं नाव आणि आधीच्या कमिटचा हॅश या सगळ्यांतून बनतो. नावातला एक काना बदलला तरी त्या कमिटचा आणि त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. एकदा लोकांनी क्लोन घेतले की मग दुरुस्ती म्हणजे सगळ्यांच्या प्रती निकामी करणं. मेलमॅपच्या फाइलीनं दाखवण्यापुरती नावं सुधारता येतात, पण मुळात चुकलेलं मुळात तसंच राहतं. म्हणून वापरकर्तानावं आणि खरी नावं यांची यादी आधी हातानं करा. ज्यांची नावं आहेत त्यांना ती दाखवा. आपलं नाव देवनागरीत हवं की रोमनमध्ये, हे ज्याचं त्यानं ठरवू द्या. गिटला देवनागरी नाव चालतं. मेलपत्ता मात्र न विचारता कुणाचाही घालू नका. वीस वर्षांपूर्वी दिलेला पत्ता आज साऱ्या जगापुढे यावा असं प्रत्येकाला वाटेलच असं नाही. जे आता हयात नाहीत त्यांचं नाव घरच्यांना विचारून पूर्ण लिहा.

हाच इतिहास परवान्यासाठीही लागतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले लोहित टंक रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले आणि २०११ मध्ये तो बदलून ओएफएल हा टंकांसाठीचा मुक्त परवाना लावला. हक्क एका हातात होते म्हणून ते जमलं. आपली सूची शेकडो हातांची आहे. उद्या एखाद्या ऑफिस संचाला किंवा फोनच्या कळफलकाला ती वेगळ्या परवान्याखाली हवी झाली, तर कोणाकोणाची संमती घ्यायची हे सांगणारा एकच कागद आपल्याकडे आहे, आणि तो म्हणजे ह्या रिव्हिजन.

कामाचं थोडं. सगळ्यात आधी, आजच, सर्व्हरवरून पूर्ण डंप काढा आणि तो तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा. सर्व्हरचा पासवर्ड असलेला माणूस सापडत नसेल तरी अडत नाही. सबव्हर्जनचीच एसव्हीएनसिंक किंवा एसव्हीएनआरडंप ही हत्यारं वापरून नुसत्या वाचण्याच्या अधिकारावरही पूर्ण प्रत काढता येते. मग गिटवर आणण्याची तालीम करा, एकदा नव्हे, चारदा. गिट-एसव्हीएनला नावांची यादी दिली की यादीत नसलेलं नाव भेटताच ते तिथंच थांबतं. त्याचा राग धरू नका, ते आपल्यासाठीच राखण करतंय. सबव्हर्जनमधले टॅग (आवृत्त्यांना लावलेल्या खुणा) हे नुसते फोल्डर असतात, गिट-एसव्हीएन त्यांच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) करून ठेवतं. त्यांचे खरे टॅग करणं हे वेगळं काम आहे, आणि प्रत्येक जुन्या आवृत्तीची सबव्हर्जनमधली प्रत व गिटमधली प्रत शेजारी ठेवून बाइटनं बाइट जुळते का, हे पाहिल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.

आपल्या चाचण्यांच्या फाइलींना मराठी नावं आहेत, तिथे दोन खड्डे आहेत. गिट मुळात देवनागरी नाव दाखवत नाही. ‘म’ च्या जागी ३४०, २४४, २५६ असे आकडे तिरप्या रेघांसकट दाखवतं. पाहणाऱ्याला वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, कोटपाथ नावाची सेटिंग बंद केली की नाव नीट दिसतं. नव्या माणसासाठी हे ‘वाचा’ (रीडमी) फाइलीत पहिल्या पानावर लिहा. दुसरा खड्डा पुन्हा आपल्या ‘ऱ’ चाच आहे. युनिकोडच्या नियमानुसार ‘ऱ’ म्हणजे ‘र’ आणि खाली नुक्ता असंही लिहिता येतं, आणि मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावं अशी फोडूनच ठेवायची. त्यामुळे ‘ऱ्हस्व’ नं सुरू होणारी आपली चाचणीची फाइल एका संगणकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरीच म्हणून उभी राहते. गिटमध्ये याला सोय आहे, पण आपल्याकडे अशा फाइली बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यांची नावं बदलणं सगळ्यात बरं, आणि तेही नंतरच्या एका वेगळ्या कमिटमध्ये, जुना इतिहास न छेडता.

आणखी एक गोष्ट हनस्पेल या शुद्धलेखन-तपासनीसाची यादी सांभाळणाऱ्यांनाच कळेल. डिक फाइलीच्या, म्हणजे त्याच्या शब्दयादीच्या, पहिल्या ओळीत शब्दांची संख्या असते. आजवर आपण प्रत्येक कमिटला ती बदलत आलो. गिटमध्ये दोघांनी दोन ब्रँचवर चार-चार शब्द घातले की त्या पहिल्या ओळीवर हमखास टक्कर होणार. हनस्पेलला तो आकडा अंदाजे चालतो. तेव्हा तो रोज बदलू नका, आवृत्ती काढताना एकदा घाला.

शब्द पाठवणाऱ्यांना मात्र गिट शिकण्याची सक्ती करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पानं कोड गिटवर नेला तरी भाषांतरं वर्षानुवर्षं सबव्हर्जनमध्येच ठेवली. तिथे भाषांतरकाराला आपल्या भाषेचं फोल्डर तेवढं उचलता येतं. त्यांना आपली माणसं कळली होती. आपण जाऊच, पण पुढे वेबलेटसारखी खिडकी ठेवू. त्यात सुचवणारा ब्राउझरमध्ये लिहितो आणि कमिट त्याच्याच नावानं होतं. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीच्या मराठी फाइलीत भाषांतरकारांची नावं अगदी वरती लिहिलेली असतात, तीही चांगली रीत आहे. सत्तरीच्या निवृत्त शिक्षिकेनं एक शब्द पाठवावा आणि तिचं नाव त्या शब्दाबरोबर राहावं, एवढं झालं की पुरे.

कुठे ठेवायचं यावर मी वाद घालणार नाही. फक्त एकाच दारात ठेवू नका. गुगल कोड ही रेपो ठेवायची जागा बंद होणार हे मार्च २०१५ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्येच गेलं. बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरिअलचे रेपो काढून टाकले. दोन ठिकाणी आरसा, म्हणजे रेपोची हुबेहूब प्रत, ठेवा आणि जुन्या सबव्हर्जनचा पत्ता सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संग्रहाला आत्ताच देऊन टाका. फ्रान्समधली ती मंडळी जगभरचा कोड जपून ठेवतात आणि सबव्हर्जनचे रेपोही घेतात.

‘हे सगळं करायचं कुणी?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे करता, मला माहीत आहे. म्हणून नुसतं सांगून मी थांबलेली नाही. रेपोची प्रत मी उतरवून घेतली आहे आणि नावांची यादी करायला बसले आहे. जुने मेल, प्रकाशन-टिपा, एकमेकांच्या ओळखी यांतून जवळपास सगळी वापरकर्तानावं लागली. तीन राहिली आहेत. त्यातल्या दोघांनी फक्त एकेक फाइल हलवली आहे. तिसऱ्यानं मात्र २००८ च्या दिवाळीच्या आठवड्यात चार रात्री बसून कोकणातल्या माशांची नावं घातली आहेत. मांदेली, तारली, मुडदुशे, शेवंड, कालवं. शेवटच्या कमिटमध्ये ‘तिसऱ्या’ हा शब्द आहे, आणि संदेशात लिहिलंय की हे ‘तिसरा’ चं सामान्यरूप नाही, शिंपल्यांतली तिसरी असते तिचं अनेकवचन आहे, म्हणून याची नोंद वेगळी ठेवावी.

वापरकर्तानाव आहे ‘खाडीकाठ’. ही व्यक्ती कोण, कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. तोवर यादीत त्या रकान्यात मी ‘खाडीकाठ’ असंच लिहून ठेवलं आहे.

आपली नम्र,
शब्दसूचीची एक जुनी मुद्रितशोधक
सांगली